तीन वॅट

दवाखान्यातले हृदयाचे मॉनिटर दुरुस्त करते मी,
रास अल खैमात, सकाळी सात ते चार.
तिथे प्रत्येक यंत्राला ओरडायची मुभा आहे.
घरी मला कमी बोलणारं काहीतरी हवं होतं.

व्हॉल्व्ह मिळाले जहाजांच्या भंगारात,
रशियन, पुठ्ठ्याच्या खोक्यात, माझ्याहून वयाने मोठे.
दुकानदार म्हणाला, याने काय पेटतं, बाई?
म्हटलं, फार काही नाही. तीन वॅट.
त्याने पिशवीचे पैसे लावले नाहीत.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळला गुल नवाजने.
एरवी तो एसीच्या मोटारी भरतो.
केसाएवढी तार, दोन हजार आठशे वेढे,
थराथरात कागद.
तीनदा मोजणं चुकलं, तीनदा उकललं.
चौथ्यांदा त्याने फोन बंद केला
आणि पश्तूत मोजायला लागला.
आकडे, म्हणाला, आईच्या भाषेतच टिकतात.

स्पीकर बंद पडलेल्या थिएटरातले,
गुरुवारच्या रात्रीच्या शिट्ट्या खाल्लेले,
कागदी शंकू, एकाची कड उंदराने कुरतडलेली.
थोडक्यात भागवायची सवय असलेले.
चेल्लप्पन आशारीने त्यांना प्लायची खोकी केली,
फणस ठोकून बघतात तशी बोटाच्या पेराने ठोकली,
हे रिकामं बोलतंय, म्हणाला,
आणि आतून एक आडवी पट्टी मारली.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा नुसती घुं आली.
अब्बांनी लगेच ओळखली असती:
पांढरी पाच, जरा चढी.
आठ दिवस मी तिच्या मागावर,
अर्थिंगच्या तारा एकेक सोडवत,
डावा हात खिशात,
कारण तीनशे व्होल्टला नातंगोतं कळत नाही.
मंगळवारी ती गेली.
आणि मग कळलं
या घरात एसी किती मोठ्याने राहतो.

म्हणून ऐन जुलैत, बाहेर चव्वेचाळीस,
मी एसी बंद केला,
खिडकीच्या फटीला ओला टॉवेल लावला.
व्हॉल्व्ह आपल्या परीने खोली तापवत होते.
मारिसेल ड्यूटीवरून आली,
दारातून माझ्याकडे पाहिलं,
बर्फाचा ट्रे माझ्या पायाशी ठेवून झोपायला गेली.

कॅसेट मिरजेची. भावाने दुकानात भरलेली:
नवा तंबोरा, अब्बा जवारी काढताना.
तार. कानस. तार. पुन्हा कानस.
मधेच रस्त्यावरून कुणी विचारतं, पान आहे का,
अब्बा तोंड भरलेलं असल्यासारखं हुंकारतात.
हे सगळं मी पायरीवरून ऐकलेलं.
घोडीवरचा हात मुलांचा;
मुलींनी भोपळा पुसायचा.

मग सूत तारेखाली सरकलं
आणि तार उघडली.
एका तारेतून दुसरी, तिच्यातून
कुणी न छेडलेली तिसरी,
प्लायमधून, घामामधून.
माझं बोट मांडीवर दाबलेलं होतं.
पाहते तर ते सूत सरकवत होतं.

अब्बांना फोन लावला,
शंकूसमोर धरला.
येतंय?
नाही.
आता?
नाही गं.
अखंड वाजणारं ते सगळं खोलीतला गोंगाट आहे
असं फोनने ठरवलं होतं,
आणि खडे निवडावेत तसं निवडून टाकत होता.
तंबोरा कुठंय? अब्बा म्हणाले.
तू धापा टाकतेस तेवढंच येतंय.
एसी बंद आहे.
मग लाव की.

अब्बा, ती कानस कुठली होती?
फोन इतका गप्प झाला
की मला वाटलं तेही निवडलं गेलं.
मग म्हणाले, तुला कशाला?
आणि मी काही म्हणायच्या आत सांगायला लागले,
कानस कशी धरायची, किती सैल,
कुठे थांबायचं,
थांबायचं कसं कळतं.

लिहून घेतलं.
व्हॉल्व्हच्या उजेडात अक्षर दिसत नव्हतं,
बर्फ केव्हाच वितळला होता,
वहीची खालची कड ओली.