साचलेलं पाणी

सायनच्या ज्यूसवाल्याकडून मागून आणलेली बी,
लिंबाएवढी, पण हाताला जड.
तीन टूथपिक टोचून
काचेच्या पेल्यावर बसवली, बूड पाण्यात, टोक वर.
नवरा म्हणाला, ऑपरेशन कधी?

तीन आठवडे काही नाही.
चार. पाच.
नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं,
क्लोरीनचा वास गेला की पेल्यात ओतायचं.
बी तशीच, भिजल्या चपलेच्या रंगाची.

मग पालिकेचे नाईकवडी आले, डासांच्या अळ्या शोधायला.
फ्रीजमागचा ट्रे बघितला,
मनी प्लँटची बाटली बेसिनमध्ये ओतली, न विचारता.
पेला मात्र खिडकीशी नेला,
टॉर्च मारला
आणि धरूनच राहिले.
"अळी आहे."
मग चष्मा कपाळावर सरकवून,
"नाही हो. मूळ आहे."

सात आठवडे डोळे लावून बसले होते मी,
आणि दिसलं आधी त्यांना.
राग आला थोडा.

"कशाचं?"
"ॲव्होकाडो."
"ते गिळगिळीत? आमच्या साहेबांच्या डब्यात असतं.
दर गुरुवारी पाणी बदला, नाहीतर नोटीस काढावी लागेल."
दारामागे खडूने तारीख लिहून गेले.

नंतर दर पंधरवड्याला यायचे,
पिंपाच्या आधी खिडकीकडे.
बी दुभंगली, फटीतून तांबूस कोंब,
तो वीतभर झाला की शेंडा खुडायचा म्हणतात.
माझा हात होईना.
नाईकवडींनी नखाने खुडला,
गप्पा मारता मारता गवारीचं देठ मोडावं तसा.

"फळ कधी?"
"दहा वर्षांनी. किंवा नाहीच."
"मी चौथ्या वर्षी रिटायर," म्हणाले
आणि पिंपाचं झाकण उचललं.

आमचा करार अकरा महिन्यांचा.
मे महिन्यात चुनाभट्टीहून कांजूरला,
टेम्पोत पुढे, कुंडी मांडीवर.
गिअर टाकताना पानं ड्रायव्हरच्या मनगटाला लागायची.
तो काही बोलला नाही,
फक्त खड्ड्यांना गाडी हळू घ्यायचा.

जुन्या दारामागे सतरा तारखा राहिल्या.
नव्या मालकाने रंग दिला असेल.

इथे अजून कोणी आलेलं नाही.
झाड खिडकीत आहे, दोन पानांच्या कडा करपल्यात,
पेला रिकामा झालाय कधीचा.
तरी गुरुवारी तो विसळते, पाणी भरते,
उजेडात धरून बघते.