आठ नंबरचं रीळ

पत्र्याच्या डब्यावर खडूनं काढलेला इंग्रजी आठ
मी मराठी चार म्हणून वाचला.
डबे हैदराबादहून गुलबर्ग्याला, तिथून आम्हांकडे सोलापुरात,
वाटेत जो तो आपल्या लिपीत आकडे टाकायचा.
मी तेरा वर्षांचा. आठवड्याला चार रुपये,
शिवाय ऑपरेटर मल्लय्या बोद्दूल यांच्या डब्यातली
कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

रविवारी साडेनऊला इंग्रजी खेळ, खालचं तिकीट चाळीस पैसे.
तिसरी पाळी सुटली की लोक गिरणीतून थेट येत,
केसांत कापूस तसाच,
इंग्रजीसाठी नाही, पंख्यासाठी.
बायका मात्र जागायच्या. मांडीवर सूप,
सुपात पानं, कात्री, तंबाखू,
अंधारात बोटं आपली विड्या वळत राहायची.

राजा अजून राजा झाला नव्हता, नुसता काका होता.
काय बोलतो कुणाला ठाऊक, पण गोड बोलत होता.
मागून कुणीतरी म्हणालं,
"वीव्हिंगमधला जॉबर बे ह्यो,
पगार कापायच्या आधी असाच चहा पाजतो."

मग माझं चौथं रीळ लागलं:
घोडे, चिखल, भाले,
मधे तो एकटा, आणि चहूबाजूंनी माणसं.
मेला.
पंख्याखालचे दोघे जागे झाले. "संपला?" "संपला."
चपला सापडेपर्यंत
तोच माणूस मुकुट घालून पायऱ्या चढत होता.
"असलं मरत नाही बे," म्हणून एक जण परत झोपला.

मल्लय्यांनी माझ्याकडे पाहिलं.
कार्बन जळत होता. "पुढचं लाव."

पुढच्यात बुरूज, आमच्या भुईकोटासारखाच,
फक्त खंदकात बागेऐवजी धुकं.
एका पलंगावर दोन पोरं, दारात दोन माणसं, एक उशी.
राजव्वा कुडक्यालची कात्री थांबली.
"उठा रे बिड्डा," ती पडद्याला म्हणाली, मोठ्यानं,
"उठा, दार उघडं हाय."
पोरं उठली नाहीत.
नंतरची दोन रिळं तिनं पाहिली नसावीत,
वळलेली विडी तशीच चिमटीत.

शेवटी एक डबा उरला, तो लावला.
त्यात तीच पोरं. होडीतून उतरतात, मखमली टोप्या,
धाकटा कशासाठी तरी हटून बसतो,
काका त्याला द्राक्षं देतो,
तो बी थुंकतो, हसतो,
आणि दिवे लागले.

राजव्वा उभी राहिली. तंबाखू सांडली सगळी.
"जगली गं! बघितलास? जगली!"
दारापर्यंत दिसेल त्याला सांगत गेली.

सोमवारी रिळं बरोबर लागली.
हजार विड्यांची मजुरी मोडून
पाच बायकांना घेऊन ती आली.
पोरं मेली ती मेलीच. मग राजा मेला, मग दिवे.
केबिनचा लोखंडी जिना चढून वर:
"कालचं बरोबर होतं. आजचं कुणी लावलं?"
मी म्हटलं, मी.
बराच वेळ बघत राहिली माझ्याकडे.
"तुला आकडे येत नाहीत," म्हणाली, आणि उतरली.

मंगळवार, शेवटचा खेळ.
मल्लय्यांनी डबे जमिनीवर मांडले,
एकावर बोट ठेवलं. "काय हाय हे?"
"आठ."
"नीट बघ."
खाली सुपांचा आवाज ऐकू येत होता.
"चार," मी म्हणालो.

आता इतक्या वर्षांनी ती शेवटची चौकट आठवते:
द्राक्ष चघळणारं पोर,
आणि काकाचा हात त्याच्या मानेवर, पाची बोटं.
राजव्वाला तो हात दिसला नसेल असं नाही.
ती तोंडाकडं बघत होती पोराच्या,
बी कुठं पडतं ते.