चाळीस तास

कायद्यातलं मला कळत नाही.
मी जनकगंजात घड्याळं दुरुस्त करतो.
कागद भदौरिया वकीलबाईंनी केला, रिट म्हणतात त्याला.
त्यात माझा हेरंब याचिकाकर्ता,
आणि ज्यांनी त्याला उचललं ते
प्रतिवादी क्रमांक चार, पाच, सहा.
क्रमांक पाच माझं गिऱ्हाईक.
त्याच्या सासऱ्याचं लंबकाचं घड्याळ
अजून माझ्या भिंतीला टेकून उभं आहे.

रोजनामचा म्हणतो :
अटक गुरुवारी, संध्याकाळी सहाला, दाल बाजारात.
मी म्हणतो मंगळवार, रात्री साडेदहा, भरल्या ताटावरून.
‘बस पूछताछ है, चाचा.’
तो हात धुवायला उठला
तर म्हणाले, राहू दे.

ठाण्यातला कॅमेरा त्या आठवड्यात बंद.
पंच एक पानवाला,
अकरा पंचनाम्यांवर त्याचीच सही.

पण जप्तीचा कागद ज्यानं लिहिला
तो हवालदार नीटनेटका असावा. अक्षर बघावं असं.
कंगवा एक. रोख सत्तर रुपये.
घड्याळ एक नग, एचएमटी ऑटोमॅटिक,
बंद, वेळ दोन तीस, वार गुरु.

या घड्याळाला चावी नसते.
हात हलला की चालतं,
उतरवून ठेवलं की चाळीस तास.
मीच ते उघडलंय, मीच तेल दिलंय,
त्याचा दम मला ठाऊक.
गुरुवार दुपार अडीच.
मोजा मागे.

सरकारी वकील म्हणाले, जुनं घड्याळ, काय भरवसा.
खरंय.
पण सहाला तुम्ही जे मनगट धरलंत म्हणता
त्यावर साडेतीन तास बंद पडलेलं घड्याळ
घड्याळजीच्या पोरानं मिरवलं असतं?

न्यायमूर्तींनी चष्मा काढला,
काहीतरी लिहिलं.
पुढची पेशी सहा आठवड्यांनी.
त्या हवालदाराची भिंडला बदली झाली म्हणे.

संध्याकाळी हेरंब दुकानात बसतो.
डाव्या कानाचा पडदा फाटलाय,
सरकारी दवाखान्याच्या भाषेत साधी दुखापत.
घड्याळ पारखताना आधी
डाव्या कानाशीच नेतो, सवयीनं,
थांबतो,
मग उजव्या.
मी भिंग डोळ्याला लावून
खाली बघत राहतो.

परवा क्रमांक पाचच्या लंबकाला तेल दिलं.
काय करणार,
पावती फाडली होती.