दस्ता

शिरोड्याला, मांगरात
पास्कू मेस्त रंधा मारतो फणसाच्या फळीवर.
पिवळी सालपटं गुडघ्यावर, भुवईवर.

बंदूक पलटणीतली. जुनं लाकूड सुटलं
तेव्हा नळीखाली खिळ्यानं कोरलेलं निघालं:
‘आये, २ आगष्ट’.
साल नाही. नाव नाही.

मी म्हटलं, डुकरां भातात इली, मेस्ता, आटप.
तो नळी बसवतो,
काजळी उमटली तिथं पटाशीनं केसभर,
काढतो, परत बसवतो.
बोल्ट ओढला की आवाज मात्र
बराकीतलाच.

उंडीचं तेल, तीन हात.
आणि न विचारताच त्यानं
नळीखाली, कुणाला दिसणार नाही असा,
तो जुना तुकडा बसवला.

रात्री डुक्कर समोर आलं.
गालाला फणसाचा वास.
नेम धरला,
आणि किती वेळ
साल शोधत राहिलो.