बेअरिंग

अंगणातल्या जर्दाळूखाली
एकवीस वर्षं उभी असलेली झापोरोझेत्स
आम्ही मागून जॅकवर उचलली.
टायर मातीत असे रुतलेले
की सुटताना जमिनीनंच हुंकार दिला.

वराझदात पोत्यावर आडवा झाला.
सत्तरी उलटलेला, उजव्या हाताला साडेतीन बोटं,
आणि त्या साडेतीन बोटांना
अख्ख्या सिसियानमधले नटबोल्ट नावानिशी ठाऊक.
पेट्रोलची नळी. अ‍ॅक्सिलरेटरची केबल.
गिअरबॉक्सकडचा वरचा बोल्ट काही केल्या हलेना,
तेव्हा त्यानं त्याला आईवरून शिवी दिली,
मग डिझेल पाजलं, मग एक सिगरेट ओढली.
"गंज म्हणजे पाहुणा.
कॉफी झाल्याशिवाय उठत नाही."

इंजिन खाली आलं ते पायाळू.
जुन्या टायरवर झेललं,
पत्र्यावरून ओढत गोठ्यापर्यंत नेलं.

पंख्याच्या कवचात उंदरांचा संसार:
अक्रोडाची टरफलं, आईच्या लाल स्वेटरची लोकर,
कधीच्या तरी वीजबिलाचा कोपरा,
रक्कम शाबूत.

बाबा म्हणायचे, इंजिन गेलं.
गेलं म्हणजे काय गेलं, कोणी विचारलं नाही.
गावचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस,
पण ह्या झाकणाला त्यांनी कधी हात लावला नाही.
त्या पहाटे आर्तावाज्द चावी फिरवत राहिला,
स्टार्टर घरघरला, थकला,
गाडीनं पेट घेतला नाही.
शेवटी बॅग खांद्याला लावून
दादा हमरस्त्यापर्यंत चालत गेला
आणि डाळिंबांच्या ट्रकमधून रोस्तोव्हला.
रविवारी फोन करतो.
मुलं रशियन बोलतात.

हेड उघडलं. पिस्टन काळे, पण मोकळे.
फ्लायव्हील हातानं फिरवलं तर फिरलं,
व्हॉल्व्ह एकेक करून उघडले, मिटले,
झोपमोड झालेल्या माणसासारखे.
पुलीतल्या गाळणीत मेणासारखा गाळ,
तेलानं गरगरत भिंतीला फेकलेला.
मी कनेक्टिंग रॉड सोडवला,
बेअरिंगची वाटी हातात आली.
नखानं चाचपली.
एक चरा नाही.

मग वराझदातनं डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
आत रोटर नव्हता.
एवढासा तुकडा, अंगठ्याच्या पेराएवढा,
ठिणगी कुणाला द्यायची ते ठरवणारा.
झिजला नव्हता, तुटला नव्हता.
नव्हताच.

दारात आई, हातात जर्दाळूंची ताटली.
"तो होय," ती म्हणाली.
"मला काय ठाऊक कशाला काय म्हणतात.
टोपीखाली जे हाताला निघालं ते काढलं.
नदीत टाकलं."
ताटली तिनं इंजिनाशेजारी ठेवली, जरा वाकडीच.
दोन जर्दाळू घरंगळून भुशात गेले.
मग विचारलं, मला नाही, त्याला:
"रोस्तोव्हला पोचली असती?"

वराझदातनं चिंधीला हात पुसले,
साडेतीन बोटं, एकेक करून.
"रोस्तोव्ह? पहिला घाट चढली नसती, हेघुश.
बेअरिंग संपलं होतं.
पोरगा दरीत गेला असता."

आणि माझ्या मुठीतली ती वाटी
त्यानं काढून घेतली, माझ्याकडे न बघता,
आणि टाकली खिशात,
सिगरेटच्या पाकिटाखाली.