सात मण

अक्षर माझं होतं.
हे आधीच सांगून टाकतो, मग बाकीचं.

स्मशानातल्या लाकडांची वही
नगरपालिकेत माझ्याच टेबलावर असायची,
लाल कापडी पाठीची, कोपरे कुरतडलेली.
मयताचं नाव, वॉर्ड, सात मण, सही.
केबिनमधून चिठ्ठी यायची,
मी वहीत उतरवायचो,
वेलांटीसुद्धा न चुकवता.
त्या वर्षी गावात दोनशे सत्तावन्न माणसं गेली.
मी चारशे अकरा जाळली.

बातमी फुटली तेव्हा बोरी कोरडी होती.
पानटपरीवर लोक एकमेकांना विचारत,
काय रे, तू अजून आहेस? तुझं बिल कितीचं निघालं?
नगराध्यक्षांनी राजीनामा दिला,
छातीत दुखतं म्हणून धुळ्याला अ‍ॅडमिट झाले,
आणि निवडणूक लागली तेव्हा अर्ज आला
त्यांच्या बायकोचा, इंदुमतीताईंचा.
निशाणी कपाट.
समोर गणिताचे सैंदाणे सर. निशाणी शिट्टी.

मार्गशीर्षात दोन्हीकडून भरीत सुरू झालं.
पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी,
कळण्याच्या भाकरी, तेलाची धार.
लोक मंगळवारी कपाटाचं जेवले, बुधवारी शिट्टीचं,
हात धुताना म्हणाले,
वांगं चांगलं होतं, माणसाचं सांगता येत नाही.
काडी जळाल्याचा वास आला
की मी गल्ली बदलायचो.

मतदानाला माझी ड्युटी मुलींच्या शाळेत,
खोली तीन, शाईची.
डावी तर्जनी, नखावरून कातडीपर्यंत एक रेघ.
साडेअकराला सुपडू भोई आला,
स्टँडवर शिंगाडे विकतो तो.
वहीतला एकशे एकोणनव्वद.
फाल्गुनात मी त्याला जाळला होता.
एका यादीत राख,
दुसऱ्या यादीत अनुक्रमांक सहाशे बारा, फोटोसकट.
त्याने बोट पुढे केलं.
शिंगाडे उकडून उकडून काळं पडलेलं,
शाई कुठे लावू कळेना.
"लाव ना भाऊ," तो म्हणाला, "माले काय व्हस?
मी त जयेल शे."
रांग हसली. केंद्राध्यक्ष बाई म्हणाल्या, शांतता.
माझ्या काडीवरचा थेंब टेबलावर पडला.
जाताना वळला, आणि हळूच,
उधारी मागावी तसं:
"सात मण लाकडे कोनी खादात, भाऊ?"

टाऊन हॉलमध्ये अकरा फेऱ्या.
कपाट चाळीसने पुढे, मग शिट्टी सत्तावीसने.
शेवटचं मशीन भोईवाड्याचं.
बाहेर ढोलवाले काठ्या उगारून उभे,
कोणासाठी वाजवायचं ते माहीत नाही.

नऊ हजार एकशे चौदा.
नऊ हजार एकशे चौदा.

पुन्हा मोजलं. तेवढंच.
मग कॅन्टीनमधून बिस्किटांची बरणी आणली, पुसून,
आत दोन चिठ्ठ्या,
आणि शिपायाची पाच वर्षांची पोर.
तिने एक काढली, लगेच दुसरीलाही हात घातला.
बाप म्हणाला, एकच, बेटा, एकच.

कपाट.

ढोल वाजला.
फळा पुसावा तसा सैंदाणे सरांनी
तोंडावरून हात फिरवला.

माझं टपाली मत
टेबलाच्या खालच्या खणात आहे. अजून.
पाकीट चिकटवलेलं नाही.
दोन रात्री विचार केला होता,
शिट्टीवर खूण केली तर चौकशी पुढे चालेल,
चौकशी चालली तर अक्षर ओळखतील.
कपाटावर करायला हात होईना,
हाच हात, वेलांटी न चुकवणारा.

आता नवी वही आलीय, निळ्या पाठीची.
चिठ्ठ्या अजून आलेल्या नाहीत.
स्टँडवरून गेलो की सुपडू बोट दाखवतो.
नख वाढतंय, रेघ वर वर सरकतेय,
महिनाभरात कापली जाईल.
मी पावशेर शिंगाडे घेतो.
सुटे परत मागत नाही.