गुडघ्याकडं बघायचं

लेंगरे सरांची शिट्टी मला चार्जमध्ये मिळाली,
डेडस्टॉक रजिस्टर, पान नऊ:
डंबेल्स अठ्ठावीस,
लेझीम चोवीस, पैकी सहा बिनचकत्यांच्या,
गोळा एक, थाळी एक,
शिट्टी पितळी, एक. चालू स्थितीत.

एकतीस वर्षं दिघंचीच्या या मुरमाड मैदानावर
तिच्या एका फुंकेला साडेतीनशे टाचा जुळायच्या.
सर 'साव' लांबवत नेत
आणि 'धान' कुऱ्हाडीसारखं टाकत.
विश्राम मिळेपर्यंत लिंबावरचे कावळेसुद्धा उडत नसत,
असं शिपाई शिवदास आण्णा अजून सांगतात.

मी सांगलीहून वहीभर पद्धती घेऊन आले होते.
आज्ञा पद्धती. दिग्दर्शन. अनुकरण.
आणि शेवटच्या पानावर, परीक्षेला न आलेली, शोधन पद्धती:
उत्तर सांगू नका, प्रश्न टाका, आणि थांबा.
'थांबा'खाली मी लाल रेघ मारली होती.
थांबणं किती अवघड असतं, ते वहीत नव्हतं.

सहावी ब. खो-खो. हुलकावणी.
आधी करून दाखवली, मग आकड्यांवर करवून घेतली,
एक, डावा पाय. दोन, खांदा. तीन, वळा.
चाळीस पोरं एकाच वेळी एकाच बाजूला हुलकावली.
कवायत सुरेख झाली.
फसलं मात्र कुणीच नाही.

बिरुदेव सरगर लिंबाखाली बसलेला.
त्याचं पोट फक्त पीटीच्या तासाला दुखे.

मी शिट्टी खिशात टाकली. विचारलं,
पळणारा कुठं वळणार, हे तो वळायच्या आधी कसं कळेल?
आणि थांबले.

रस्त्यावरून एसटी गेली, तिची धूळ बसली.
डाळिंबाच्या बागेतला फवारणीचा पंप
बंद पडला, पुन्हा सुरू झाला.
उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं,
थुंकीबरोबर गिळलं.
"डोळ्यात बघून," कुणीतरी म्हणालं, माझंच उत्तर.

"नाय," सावलीतनं आवाज आला.
"डोळं खोटं बोलत्यात. मेंढरू बघतंय हिकडं, जातंय तिकडं.
गुडघ्याकडं बघायचं.
गुडघ्याला खोटं येत नाय."

आणि उठला. अर्धा वाकून, हात सैल सोडून
वर्गातल्या सगळ्यात चपळ सानिया मुलाणीला
तिसऱ्या पावलावर शिवून परत आला,
वाघराबाहेर निघालेलं कोकरू आत लोटावं तसा,
फारसं काही न झाल्यासारखा.

मी जिल्ह्याला खेळलेय.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोळाफेकीला मात्र शिट्टी तोंडातच असते.
तिथं प्रश्न नाही, शोध नाही.
मी म्हणेन तेव्हा उचला, मी म्हणेन तेव्हा फेका,
मी म्हणेन तेव्हाच आणायला जा.
लेंगरे सरांच्या डाव्या पायाला अंगठा का नाही
हे आण्णांकडून कळल्यापासून
त्यांच्या 'धान'ला मी हसत नाही.

तपासणीला आलेल्या साहेबांनी टाचणवही चाळली.
अध्यापन पद्धतीचा रकाना कोरा का?
काय लिहिणार होते मी? मेंढपाळ पद्धती?
त्यांनी हिरव्या शाईत लिहिलं, 'पूर्तता करावी.'
अजून करायची आहे.

दिवाळीनंतर सरगरांची मेंढरं कोकणाच्या अंगाला उतरली.
हजेरीत बिरुदेवच्या नावापुढं नुसते 'गै', 'गै'.

परवा संध्याकाळी लेंगरे सर कुंपणाशी उभे होते,
निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.
सानिया धावत होती, चौकात बसलेल्या पोरी ओरडत होत्या,
"गुडघं बघ गं, गुडघं!"
"हे कुणी शिकवलं?"
"सहावी बमध्ये एक आहे, सर. सध्या बाहेरगावी."

सर काही बोलले नाहीत.
आत आले. फक्कीची बादली उचलली,
चप्पल काढून माझी वाकडी रेघ
अंगठा नसलेल्या पावलानं पुसली
आणि वाकून, न बघता,
सरळ ओढत निघाले.